चुलतीचं उणं

"पोर आयशीला मिळल का, वकीलसायेब? तेवढंच सांगा."

बाई ओसरीच्या पायरीवर बसली होती. उजवा हात पदराखाली. पायांवर मिठागराचा चिखल सुकून पांढरा पडलेला. उरणच्या बाजारामागच्या त्या घरात अनंतराव वकील झोपाळ्यावर होते आणि त्यांचा कारकून बाळाजी बैठ्या मेजाशी.

"सगळं पहिल्यापासून सांग," अनंतराव म्हणाले.

बाईनं सांगितलं. पोरीचं नाव गोदू, वय सहा. बाप तापानं गेला. वर्षानं आईनं, मनुबाईनं, खाडीपलीकडे रेवसला पाट लावला. पाट लावून जाणाऱ्या बाईनं पोर बापाच्या घरी सोडायचं, हा जातीचा रिवाज. आता चुलता धर्मा पोर देत नाही. आमचं रगत हाय, म्हणतो. आईला अंगणातसुद्धा येऊ देत नाही.

"आणि तुझी जाऊ? ती छळते पोरीला?"

"पोरीची चुलती व्हय? सोनूबाय. न्हाय. तिला सोताचं पोर न्हाय. जीव लावते."

अनंतरावांनी चष्मा काढून धोतरानं पुसला.

"मग कठीण आहे, बाई. रिवाज आईच्या विरुद्ध. कोर्ट लेकराचं हित बघतं हे खरं. पण जीव लावणाऱ्या चुलतीपासून लेकरू काढायचं, तर काही कारण लागतं. तिचं काही उणं असेल तर सांग. खोटं मात्र मी लिहिणार नाही."

बाईनं उजव्या हातावरचा पदर आणखी ओढून घेतला. मग उठली आणि गेली.

"कमाल आहे," बाळाजी म्हणाला. "जावेचं उणं सांग म्हटल्यावर जिची जीभ अडते, अशी बाई मी आजच पाहिली!"

आठ दिवसांनी ती पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसली. या खेपेला डोळे सुजलेले होते.

"काय, आठवलं वाटतं काही?" बाळाजीनं विचारलं.

"व्हय. लिवा."

बाळाजीनं कागद घेतला, वर सन १९३१ घातलं, आणि टाक शाईत बुडवला.

"दिवाळीत पेजेचं मडकं कलंडलं. पोरीच्या पायावर. चुलतीनं मडकं चुलीच्या कडंला ठेवलं आन शेजारणीशी बोलत बसली. पोर भाजली. म्हैनाभर चालली न्हाय."

"शिव शिव!" अनंतराव म्हणाले.

"मडकं धराया गेली तवा चुलतीचा बी हात भाजला. पन ते लिवू नका."

"ते कशाला लिहू? ते तिच्या बाजूचं झालं. आणखी?"

बाईचा आवाज खाली गेला.

"एकदा मारलं. रेवसची होडी करंज्याच्या धक्क्याला लागताना दिसली, की पोर बांधावरून धावत सुटते. आय आली, आय आली, करते. त्या दिवशी चुलतीनं तिला ओढत घरी आनली आन थोबाडीत दिली. म्हनाली, परत आयशीचं नाव काढशील तर बघ."

"एवढ्याशा पोरीला? कसली दुष्ट बाई आहे ही!"

"व्हय," बाई म्हणाली. "लिवा."

बाळाजीचा टाक कुरकुरत राहिला. बाई आता विचारल्यावाचून बोलत होती, कुणाला सांगतेय याचंही भान नसल्यासारखी.

"रातची चुलतीच्या कुशीत निजते. पन झोपेत हाक मारते ती आयशीला. मंग चुलती ओ देते. पोर डोळे उघडते, तिच्या तोंडाकडं बघते, आन गप व्हते. रडत बी न्हाय."

अनंतरावांनी झोपाळा पायानं थांबवला. लेकरापासून तुटलेल्या आईला घरबसल्या काय काय दिसत असेल, असं त्यांच्या मनात आलं. हे तिला कळलं कसं, ते त्यांनी विचारलं नाही.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "थोबाडीत मारली तेव्हा तिथं कोणी होतं का? साक्षीदार?"

"कुनी नव्हतं."

"मग चुलती नाही म्हणेल आणि सुटेल."

"न्हाय म्हनायची न्हाय ती. कबूल करंल."

बाळाजी मोठ्यानं हसला. "अगं बाई, कोर्टात उभं राहून असं कोणी कबूल करतं काय?"

बाई हसली नाही.

अर्ज पुरा झाला. बाळाजीनं तो वाचून दाखवला. अर्जदार मनुबाई, राहणार रेवस. सामनेवाले धर्मा आणि त्याची बायको सोनूबाई. मुलीची हेळसांड, मारझोड, आईच्या भेटीला मनाई. बाई एकेका शब्दाला मान डोलवत होती. वाचून झाल्यावर बाळाजीनं शाईची गादी पुढे सरकवली.

"हं, मनुबाई. डावा अंगठा."

बाई उठली. ओसरीच्या कडेला जाऊन तिनं हाक दिली, "ये गो मनू. घाबरू नको. अंगठा दे."

विहिरीच्या आडोशाला बसलेली एक किडकिडीत बाई पुढे आली. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती रडत होती. "मी न्हाय देनार, जाऊबाय," बोळा काढून ती म्हणाली. "तुमच्याबद्दल असलं लिवलेलं मला नको."

पहिलीनं तिचा अंगठा धरला, गादीवर टेकवला, कागदावर दाबला. मग आपल्या पदरानं मनूच्या अंगठ्यावरची शाई पुसू लागली. पदर सरला तसा तिचा उजवा हात उघडा पडला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जळून चकाकत होती.

"कोर्टात मला इचारलं, तर मी व्हय म्हनंन," ती म्हणाली.