दाराबाहेरचं स्टूल

"थांबा!"

डॉक्टरांचा स्टेथोस्कोप बाळाच्या छातीपासून वीतभर अंतरावर थबकला. बाळाच्या आईने तो सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला, उशाची स्प्रेची बाटली उचलली, रुमालावर फुसफुस केलं आणि करपलेलं पातेलं घासावं तसा तो घासून काढला.

"हं, आता तपासा."

डॉक्टरांनी निमूटपणे तपासलं. सगळा वॉर्ड तिला टरकून होता. थर्मामीटर असो की खाटेचा कठडा, तिच्या रुमालातून कशाचीच सुटका नव्हती. बाटलीतलं जंतुनाशक उतरलं की ती त्यातच नवं ओतायची, पुरवठ्याला यावं म्हणून वर थोडं पाणी. बाटली कधी रिकामी होऊ दिली नाही, याचा तिला कोण अभिमान!

सासूबाईंना तर तिने थेट हद्दपार केलं होतं. पहिल्याच दिवशी त्या वॉर्डात शिंकल्या होत्या. एकदाच, आणि तेही बाळाकडे पाठ करून. तेव्हापासून त्या दाराबाहेर स्टुलावर बसून काचेतून नातवाला टाटा करत होत्या.

बाळाचा खोकला केव्हाच बरा झाला होता, पण घरी सोडत नव्हते. त्याच्या छातीवर बारीक फोड उठले होते. शेजारच्या दोन बाळांच्याही. जंतू कुठून येतोय ते सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा हुकूम होता. संसर्ग शोधणाऱ्या सिस्टर कापसाच्या काड्या घेऊन दिसेल ती वस्तू पुसून नमुने घेत फिरत होत्या.

"सिस्टर, आधी आमच्या आईंचे हात तपासा," ती हळूच म्हणाली. "त्या शिंकेपासूनच सुरू झालंय हे सगळं. आणि ही माझी बाटलीही न्या. स्वच्छता कशाला म्हणतात ते तुमच्या लोकांना कळू दे जरा."

काही दिवसांनी सिस्टर परत आल्या. हातात झाकणाच्या चपट्या काचेच्या बशा होत्या. नमुन्यात जंतू असतील तर त्या बशीत वाढतात.

"ही दाराची कडी. ठीक आहे. हे आजींचे हात. चार साधे ठिपके, सगळ्यांच्याच हातांवर असतात. हा स्टेथोस्कोप, तुमच्या खाटेशी येण्याआधीचा. स्वच्छ. आणि हा, तुमच्या खाटेपासून निघाल्यावरचा."

बशीत हिरवट साय धरली होती.

"बघा!" ती उसळली. "मी म्हणत नव्हते? आमच्या खाटेजवळच कुणीतरी घाण करतंय!"

सिस्टरांनी शेवटची बशी पुढे केली. तिच्यात नुसतं हिरवंगार रान माजलं होतं.

"ही तुमची बाटली. जुन्यातच नवं ओतत गेलात, वर पाणी. औषधाचा जोर गेला आणि जंतूंनी आत संसार थाटला. पुढे तुमच्या रुमालाने त्यांना सगळ्या वॉर्डात फिरवून आणलं. घाबरू नका, फोड मलमाने जातील. उद्या घरी जाल."

तेवढ्यात दार किलकिलं झालं. सासूबाई स्टूल हातात घेऊन उभ्या होत्या.

"सूनबाई, हे आत आणू, की आता तुला लागेल बाहेर बसायला?"