बुंध्याशी तांदूळ

पत्र्यावर झुकलेलं बेहड्याचं झाड कापायला एकट्या राहणाऱ्या कलाबाईने आलापल्लीहून इसरूला बोलावलं. त्याने संध्याकाळी बुंध्याशी मूठभर तांदळाची रास घातली.

"सकाळी रास अशीच असन, तं कापतो. एक दाणा जरी हालला, तं मी हात लावत नाई, बाई."

सकाळी ती अंगण झाडायला निघाली, तर तांदूळ चहूकडे विखुरलेले. कोंबड्या अजून खुराड्यातच होत्या. तिची नजर थेट कुंपणापलीकडे गेली. हे त्या रिनाचंच काम! शेजारणीला फुकटची सावली पाहिजे. कलाबाईने दाणा न् दाणा वेचला आणि पुन्हा तशीच रास लावली.

इसरू आला. बराच वेळ राशीकडे बघत बसला.

"कोणी हात तं नाई लावला?"

"कोण लावन?"

दुपारपर्यंत झाड आडवं झालं.

दुसऱ्या दिवशी कलाबाईला उशिरा जाग आली. उशाशी, फरशीवर, मूठभर तांदळाची रास होती. रिनाच! पण मेली आत शिरली कशी? तिने दाराकडे पाहिलं. कडी आतून लावलेली होती.

तिने पुन्हा राशीकडे पाहिलं. एकही दाणा हललेला नव्हता.