दुसऱ्याच्या हातचं काडतूस

ओकीने रिकाम्या काडतुसांची पिशवी बाकावर ओतली. घेवड्याच्या बरण्यांमध्ये पितळ खणखणलं.

"भरून दे."

डेन्झिलने वर पाहिलं नाही. तळघरातल्या त्या बाकावर दोन वर्षं त्याची बायको, म्हणजे ओकीची बहीण रीवा, बरण्या ठेवत होती आणि धुवायचे कपडे टाकत होती. काडतुसं भरायचं यंत्र कोपऱ्यात गोणपाटाखाली पडलं होतं.

"मी सोडलंय ते."

"माहीत आहे. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. चर्चमध्ये बायका तुझ्यासाठी प्रार्थना करतात." ओकीने डावा हात समोर धरला. अंगठा आणि करंगळी. मधलं काहीच नाही. "बोटं माझी गेली आणि प्रार्थना तुझ्यासाठी."

"दुकानातून आण."

"दुकानात उन्हाळ्यापासून मिळत नाहीत. खाण बंद आहे, फ्रीझर रिकामा आहे, सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय."

"मग दुसऱ्या कुणाला सांग."

"दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे तूच शिकवलंस मला. आणि माझी एक बंदूक फोडून झालीय तुझी. नवा माणूस नव्याने फोडणार, त्यापेक्षा तूच बरा."

"चेष्टा करू नकोस, ओकी."

"चेष्टाच करतोय. रडायचं काम माझी बहीण करतेच की. रोज मला फोन. 'तो जेवत नाही, तो खाली जाऊन बसतो.' मी वैतागलोय तुम्हा दोघांना. चल, ऊठ."

खोऱ्यातले लोक पुढे याला क्षमा म्हणाले. म्हणोत. अपघात म्हणणारेही तेच लोक. अपघात काय आभाळातून पडतो? एका काडतुसात बंदुकीच्या दारूचं एकच माप घालायचं असतं आणि एका माणसाने दोन घातलेली असतात.

डेन्झिल उठला. बरण्या खाली ठेवल्या, यंत्र बाकावर घेतलं. काडतुसं पुसून लाकडी फळीच्या भोकांत उभी केली. मापांचा पिवळा संच काढला, त्यातलं लागणारं एक ठेवलं, बाकीची डब्यात घालून झाकण लावलं. माप म्हणजे प्लास्टिकचा बोटभर चमचा. दारूच्या वाटीत तो मागच्या बाजूने दाबायचा, दारू आपोआप आत ओघळू द्यायची, वरून खेळायच्या पत्त्याची कड सपाट फिरवायची. हलवायचा नाही, ठोकायचा नाही. पोरालाही जमेल असं काम.

एक भरलं. दुसरं भरलं. सहावं की सातवं भरताना वर फोन वाजला.

त्याचा हात हवेतच थांबला.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशीही फोनच वाजला होता. तो वर जाऊन आला होता, आणि जिथे सोडलं असं वाटलं तिथून पुढे भरत गेला होता.

"चुकीचा नंबर!" रीवा वरून ओरडली.

डेन्झिलने सगळी काडतुसं वाटीत उपडी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मध्येच कसलासा संशय आला. पुन्हा उपडी केली. ओकी पायरीवर बसून जांभया देत होता.

"हरणं म्हातारी होऊन मरतील, डेन्झिल."

"तू गप्प बस. बोललास की मोजणी चुकते."

मग बॅटरी घेऊन त्याने एकेका काडतुसात डोकावून पाहिलं. सगळीकडे दारू एकाच पातळीला होती. त्याने पुन्हा पाहिलं. घाम पुसला. ओकीलाही पाहायला लावलं. मगच यंत्रावर गोळ्या बसवल्या.

घरामागे चढावर जुना टायर टांगलेला होता. ओकीने आपली नवी बंदूक आणली. डेन्झिलने ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

"पहिली मी मारणार. तू ट्रकमागे जा."

"जातोच आहे. मला काय हौस आलीय?"

ओकी ट्रकमागे गेला. डेन्झिलने काडतूस आत सरकवलं, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. टायर दिसत होता. बोट घोड्यावर होतं. नळीचं टोक मात्र टायरवरून झाडावर जायचं, झाडावरून मातीत. त्याने बंदूक खाली घेतली. पुन्हा वर घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीत रीवा उभी होती आणि तिने काचेवर हात टेकला होता.

"काय झालं?" ट्रकमागून ओकी ओरडला.

"होत नाही."

"अरे, मार की!"

"नाही होत, ओकी. हात थांबत नाही."

ओकीने एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते कळलं नाही. खाणीला, देवाला, मेव्हण्याला, कुणालाही असेल. मग तो ट्रकमागून निघून चिखल तुडवत आला आणि डेन्झिलच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"घे खांद्याला."

डेन्झिलने बंदूक खांद्याला लावली. जुनी बंदूक फुटली तेव्हा ओकीचा डावा हात जिथे होता, तिथेच त्याने बंदुकीखाली हात घालून ती उचलून धरली. टोक हलायचं थांबलं.

त्याने खाली घातला होता तो उजवा हात. पाचही बोटं असलेला.