पाताळातली लेक

"हिच्या डोळ्यांत पाणी का नाही?" चित्र खिडकीकडे धरून मोरोपंतांनी विचारलं.

"रडवू? एक थेंब टाकला की झालं," अश्लेषा हसली.

मोरोपंतांनी मुलांसाठी ग्रीक पुराणकथा मराठीत लिहिल्या होत्या. चित्रं लेक काढत होती. झालेली चित्रं नेण्यासाठी अमरावतीहून अकोल्याला त्यांची ही पाचवी खेप. खरं तर ती टपालानेही आली असती.

त्यांनी पाहिलेल्या सगळ्या पुस्तकांत पर्सेफोनी एकाच तऱ्हेची असे. पळवून नेताना पाताळाच्या राजाने कमरेला विळखा घातलेला, केस सुटलेले, हात वर, तोंडात किंकाळी. मागे तिची आई, धान्याची देवी, रडून अर्धी झालेली. अश्लेषाची पर्सेफोनी मात्र पाताळात मांडी घालून डाळिंब खात होती. सावकाश, एकेक दाणा.

"तिला फसवून खाऊ घातलं होतं," मोरोपंत म्हणाले. "तिथलं अन्न पोटात गेलं, म्हणून ती तिथली झाली. तसंच लिहिलंय मी." मग नेहमीसारखी शंका आली. "म्हणजे, तसं लिहायचं होतं."

"भूक लागली असेल, बाबा. राणी होती ती तिथली. आपल्या घरात कोणी रडत जेवतं का?"

"आणि आईचं काय? दारोदार हिंडली ती. तिच्या दुःखानं शेतं करपली. ती किती झुरली, ते कुठंच दिसू नये?"

आईचा तो भाग त्यांनी सात वेळा लिहिला होता. आईविना वाढवलेली त्यांची लेक नऊ वर्षांपूर्वी हिवरखेडच्या गजेंद्रशी लग्न करून अकोल्याला आली. लग्नाला त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त घराण्याची रीत पाळली. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. नातवंड झालं नाही. रीत खरी की खुळी, हे त्यांना ठरवता येईना, आणि मोडायचा धीरही होईना. दर खेपेला ते घरून जेवून निघत आणि तहान लागली की जायला उठत.

अश्लेषाने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"झुरली, खरं आहे. पण मुलगी कुठे आहे ते कळल्यावर आई एकदा तरी तिच्या घरी गेली का? दोन घास खाल्ले का तिच्या हातचे? सगळ्या चित्रांत मुलीनंच दरवर्षी आईकडे परत यायचं. आईनं जायचं, असं एक तरी चित्र दाखवा मला."

मोरोपंत आठवू लागले. कपाटातलं एकेक पुस्तक त्यांनी मनात उघडून पाहिलं. तसं चित्र कुठेच नव्हतं.

"जेवायला काय केलंयस?" त्यांनी विचारलं. इतकं हळू, की तिला ऐकू गेलं नसावं असं त्यांना वाटलं.

आतून गजेंद्रचा आवाज आला.

"या न बाबा, ताट वाढूनच हाये. दर खेपेले वाढतो आमी तुमचं. तुमी गेले का मंग अश्लेषा जेवते त्याच्यात."