मखमलचे गुंते

आत्याच्या पर्शियन मांजरीच्या केसांत पोटाखाली सात गुंते होते, काखांत दोन, शेपटीखाली एक. कंगवा लागताच ती फिस्कारली. माझ्या मनगटावर पाचवा ओरखडा उठला.

"सोड मखमलला!" आत्या ओरडली. "वर्ष झालं, मलासुद्धा अंगाला हात लावू देत नाही ती."

"कंगव्याला बरगड्या लागताहेत, आत्या. डॉक्टरकडे नेते."

"बी.एस्सी. झालीस म्हणून मला शिकवतेस? चांगली गुबगुबीत आहे. चार किलोंच्या खाली भरली तर ने खुशाल!"

मी कातरी घेतली. आत्यानं दंड धरला, तो मी झटकला. दहावा गुंता कापेपर्यंत मखमल चावत होती.

मग तिला पिशवीत घालून सामानाच्या काट्याला अडकवलं. रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं.

दोन किलो शंभर ग्रॅम.