दुहेरी पाकळीची लिली

फ्रीजचा खालचा कप्पा ओढून क्रांतीनं दोन्ही पिशव्या ओट्यावर घेतल्या. दोन्हींत ओलसर नारळाचा भुसा, आणि भुशात लिलीचे पाच-पाच कंद. तांबड्या दोऱ्याची पिशवी शेजारच्या अक्काताईची, पांढऱ्या दोऱ्याची तिची स्वतःची. तिनं दोन्ही दोरे सोडले. ह्याचा त्याला बांधला, त्याचा ह्याला. दोन मिनिटांचं काम. पिशव्या परत कप्प्यात ठेवताना मन म्हणत होतं, बरं झालं!

शिवाजी पेठेत दोघींच्या गच्च्या एकमेकींना लागून, मधे कमरेएवढा कठडा. लिलीच्या कंदाला लावायच्या आधी दीड महिना थंडी लागते. ती कोल्हापुरात फ्रीजशिवाय आणायची कुठून? अक्काताईचं घर जैन. खायचे नसले तरी कंद तिच्या स्वयंपाकघरात येत नसत. म्हणून दोघींचे कंद ती आपल्या सोप्यात बसून भुशात भरायची, दोरे बांधायची आणि क्रांतीच्या उंबऱ्याशी आणून द्यायची. ज्या फ्रीजमध्ये रविवारचं मटण, त्याला तिनं कधी हात लावला नाही.

आणि एवढं करून कप कुणाला? अक्काताईला! बागप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात सलग सात वर्षं पहिला नंबर तिचा आणि क्रांतीला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ म्हणजे काय, तर आलात, बरं वाटलं. फ्रीज माझा, कंदांशेजारी चालत नाहीत म्हणून दीड महिना बाहेर सडतात ती सफरचंदं माझी, आणि कप हिच्या शोकेसमध्ये! नवरा कृष्णात तर कठड्यावरून मान लांब करून म्हणायचा, "हाताला गुण हाय बाईच्या." क्रांतीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा तर कहर झाला. अक्काताईची लेक आदिती बेंगळुरूहून नव्या जातीचे कंद घेऊन आली. फुलाचा फोटो दाखवायला अक्काताई मुद्दाम क्रांतीच्या दारात.

"दुहेरी पाकळी हाय बघ. गुलाबी. आपल्या पेठेत कुणाच्या गच्चीवर न्हाय. यंदा बघच तू!"

"बघते की," क्रांती हसून म्हणाली. तिचे कंद नर्सरीतले, साध्या पिवळ्या फुलाचे. दोन दिवसांनी भरलेल्या पिशव्या घरात आल्या आणि त्याच दुपारी तिनं दोरे बदलले.

ऑक्टोबरात दोघींनी कुंड्या भरल्या. क्रांतीनं आपली कुंडी पोटच्या पोरागत सांभाळली. ऊन चढलं की सावलीत, पानांवर मावा दिसला की फडक्यानं पुसून काढ. एवढा एक कप मिळू दे, बास, आणखी काय मागत न्हाय, असं ती रोज पाणी घालताना पुटपुटायची.

प्रदर्शनाला चार दिवस उरले आणि कळ्यांनी रंग धरला. क्रांतीच्या कळ्या पिवळ्या. साध्या, ओळखीच्या, पिवळ्या. ती धावत कठड्याशी गेली. पलीकडच्या कुंडीत गुलाबी कळ्या, पाकळ्यांनी गच्च भरलेल्या.

दोरे तर तिनं स्वतःच्या हातानं बदलले होते. मग? मग एकच. म्हातारीला संशय होता. ही चोरी करणार हे धरूनच तिनं कंद उलटे भरून दिले, आणि वर फोटो दाखवून खिजवलं! केवढी आतल्या गाठीची बाई ही!

अक्काताईही त्या दिवसापासून नजर चुकवायला लागली. हाक मारली की "आले, आले," म्हणत घरात गडप. क्रांतीची खात्रीच पटली. पण भांडायची सोय नव्हती. काय म्हणून भांडायचं? मला नीट चोरू का दिलं न्हाईत?

"तुझी पिवळी पण झ्याक हाय की," कृष्णात म्हणाला.

"गप बसा तुम्ही."

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये तिनं कुंडी ठेवली आणि मागची खुर्ची धरली. प्रत्येकीनं आपलं नाव बंद पाकिटात घालून कुंडीशी ठेवायचं, ते निकालाच्या वेळीच फोडायचं. गुलाबी लिलीभोवती ही गर्दी! परीक्षक तिथं दोनदा थांबले. क्रांतीनं मनाशी ठरवून टाकलं, त्या बाईसाठी टाळी वाजवायची नाही. आजपासून बोलणं बंद आणि फ्रीजही बंद.

"कुंडीतली लिली, पहिला क्रमांक, दुहेरी गुलाबी." माईकवरच्या बाईंनी पाकीट फोडलं. "सौ. क्रांती कृष्णात चौगले!"

टाळ्या कडाडल्या. क्रांतीला उठवेना. अक्काताई शेजारच्या खुर्चीत कधी येऊन बसली तेही तिला कळलं नाही. म्हातारीनं तिचा हात हातात घेतला.

"रागावू नगंस, क्रांती. आदितीचे कंद मी तुझ्याच पिशवीत भरलेते. सात वर्षं तुझा फ्रीज अडवते, एकदा तरी कप तुझ्या घरात जावा म्हणलं. पण माझ्याच कुंडीत गुलाबी कळ्या बघितल्या आणि जीवच गेला माझा. डोळ्यांनी धड दिसंना झालंय, पिशव्या बांधताना माझीच चूक झाली बघ. चार दिवस तुला तोंड दाखवायची लाज वाटली. शेवटी माझ्या कुंडीच्या पाकिटात तुझंच नाव घातलं. माफ कर मला, आणि जा, कप घे."