लोखंडी दंड

"कुणाला खरं वाटायचं नाही, पण माझ्या दंडात सुई शिरतच नाही!" पाटावर ऐसपैस मांडी ठोकून शिवरामराव सोनाराला सांगत होते. "मिठागरात राबलेलं कातडं हे. आमच्या टिटवाळ्याच्या डॉक्टरनं फ्लूची लस टोचायला तीन सुया मोडल्या. चौथी वाकून त्याच्याच बोटात घुसली. हात जोडले बिचाऱ्यानं. म्हणाला, काका, तुम्ही फ्लूला नाही, फ्लूच तुम्हाला भितो!"

लेकाच्या बाळकुममधल्या फ्लॅटमध्ये जमलेले शेजारी खो खो हसले. आज नातीचे, सान्वीचे, कान टोचायचे होते. घरच्या रीतीप्रमाणे आजोबांच्या मांडीवर.

सान्वीची आई देवयानी मात्र हसली नाही. सान्वी जेमतेम तीन महिन्यांची. सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देत नाहीत, म्हणून तिला उचलून घेणाऱ्या सगळ्यांनी ती घ्यायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि आजोबा म्हातारे, त्यात दमेकरी. त्यांनी तर स्वतःसाठीही दर वर्षी घ्यायची. देवयानीनं पोटुशी असतानाच घेतली होती. सासऱ्यांना विचारलं, तर फोनवर "झालं गं, झालं" म्हणाले होते. आणि आता हे!

तिनं बाळाला छातीशी धरलं. "बाबा, म्हणजे लस घेतलीच नाहीत तुम्ही?"

नातीसाठी पुढे केलेले शिवरामरावांचे हात तसेच राहिले. गोष्टीच्या भरात आपणच आपली मांडी रिकामी ठेवली, हे आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. पण चार माणसांत शब्द गिळायचा कसा?

"तसं... चौथीचं टोक गेलं असेल जरासं आत," ते पुटपुटले.

"मग दादाच घेऊन बसेल तिला," देवयानी कशीबशी म्हणाली. तिचा भाऊ अवघडून पुढे आला. सोनार उगाचच तार पुसत राहिला.

तेवढ्यात रंगूबाई खोबरेलाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. नवऱ्याचे रिकामे हात त्यांनी पाहिले, सुनेचा उतरलेला चेहरा पाहिला.

"दे गं पोरीला त्यांच्याकडे. पंधरा दिवस झाले, दोघांनी एकदमच घेतली."

देवयानीनं सान्वीला आजोबांच्या मांडीवर ठेवलं. रंगूबाई नवऱ्याकडे वळल्या.

"सुई शिरत नाही म्हणे! मग माझा पदर दातांत धरून 'आई गं, आई गं' कोण करत होतं? आणि घरी येईपर्यंत रिक्षात मी फुंकर घातली ती काय डॉक्टरच्या दंडावर?"